मस्तक नसलेली गायिका

पॅरिसच्या मोंमार्त्र भागात 'दिव्हाँ जापोने' नावाचे गाण्याचे एक लहानसे ठिकाण होते. १८९३ मध्ये त्याच्या जाहिरातीचे काम आँरी द तुलूझ-लोत्रेक या अठ्ठावीस वर्षांच्या चित्रकाराकडे आले. मालकाला गर्दी हवी होती. लोत्रेकने जे पोस्टर करून दिले त्यातल्या गायिकेला मस्तकच नाही! कागदाच्या वरच्या कडेनेच तिची मान कापली आहे. पुढे मोठ्या आकारात दिसते ती ऐकणारी बाई, काळ्या पोशाखातली नर्तकी जान आव्रिल. तिच्या शेजारी टीकाकार एदुआर दुजार्दँ बसले आहेत. या दोघांच्या आणि रंगमंचाच्या मध्ये वाद्यवृंद चालवणाऱ्याचे उंचावलेले हात आणि डबल बास या अजस्र तंतुवाद्याच्या माना वर आल्या आहेत. तरीही गाणारी इव्हेत गिल्बेर आहे हे त्या काळच्या पॅरिसकराला सांगावे लागत नव्हते. कोपराच्या वर जाणारे तिचे काळे हातमोजे पुरेसे होते.

लोत्रेकविषयी लिहिणारे बहुतेक लोक त्याच्या किशोरवयात मोडलेल्या पायांपासून आणि दारूपासून सुरुवात करतात. आम्ही ती कथा सोडून देतो. तिच्यातून त्याच्या रेषेबद्दल काहीच कळत नाही.

आमचे म्हणणे असे की, लोत्रेकने गाणे काढले नाही, त्याने गाणे ऐकणे काढले. त्याची जागा श्रोत्याची. श्रोत्याला पुढच्या माणसाची टोपी दिसते, वादकाचा हात आडवा येतो, गायिका अर्धीच दिसते. हे सारे अडथळे त्याने चित्रात राहू दिले. त्याच वर्षीच्या जान आव्रिलच्या दुसऱ्या पोस्टरमध्ये एका वादकाची मूठ डबल बासची मान धरून अगदी पुढे आली आहे, आणि त्या मानेतूनच निघालेली रेघ नाचणाऱ्या बाईभोवती चौकट होऊन फिरते. ही चौकट खालच्या वाद्यातून उगवलेली आहे, चित्रकाराने नंतर बाहेरून चिकटवलेली नाही.

चालू गाण्याचे रेखाटन करणे सोपे काम नव्हे. गायक कोणासाठी थांबत नाही. 'शिलपेरिक' या संगीतिकेतील मार्सेल लांदेरचा नाच पाहायला लोत्रेक वीसेक वेळा गेला होता, असे सांगतात. एवढ्या वेळा जाऊन काय हाती लागत असेल? जे पुन्हा पुन्हा येते तेच. एकदाच दिसलेली मुद्रा निसटते. प्रत्येक कडव्याला परत येणारी हाताची ठेवण पेन्सिलीत उतरते. गझल वाचणाऱ्यांना हे वेगळे समजवायला नको. काळे हातमोजे ही गिल्बेरची रदीफ आहे. शेर बदलत राहतात, रदीफ आली की मैफल ओळखते.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, म्हणून या पोस्टरांच्या दगडाविषयी थोडे बोलणे भाग आहे. ही सगळी शिळाछापाची कामे. हे तंत्र अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियातल्या आलोइस झेनेफेल्डरने शोधले. तो स्वतः नाटककार होता आणि आपली नाटके स्वस्तात छापण्याची वाट शोधत होता. सुरुवातीला त्याने या तंत्राने संगीताची स्वरलिपीही छापली. म्हणजे नाटक आणि गाणे या दगडाच्या जन्मापासूनच त्याच्यासोबत आहेत. तोच दगड पुढे हिंदुस्थानात आला आणि उर्दूचा आधार झाला. नस्तालीक खिळ्यांत बसत नव्हते. कातिब खास कागदावर खास शाईने लिहायचा, तो कागद दगडावर दाबला जायचा, आणि दगडावर उलट्या उमटलेल्या अक्षरांतल्या चुका संगसाज नावाचा कारागीर उलट्याच लिपीत दुरुस्त करायचा. १८९४ मध्ये मुंबईत राजा रविवर्म्याचा छापखाना सुरू झाला तोही याच दगडावर. त्या साली लोत्रेक पॅरिसमध्ये काम करत होता.

कातिबाच्या नजरेने लोत्रेकचे पहिले पोस्टर पाहावे. १८९१ चे 'मुलँ रूज'. सुमारे ३,००० प्रतींनी त्याला रातोरात प्रसिद्ध केले. त्यात जागेचे नाव तीन ओळींत तीनदा लिहिले आहे, पण पहिले अक्षर तीनदा नाही. एकच उंच लाल अक्षर तिन्ही ओळींना पुरते. एखाद्या अक्षराची कशीश लांबवून अख्खी ओळ सांभाळणारा जुना कातिब याला नक्की दाद देईल. आमच्या मोहल्ल्यात आज लागणारी कव्वालीची पोस्टर्स पाहावीत. दहा-बारा चेहऱ्यांचे फोटो, सगळे सारखे, आणि अक्षरे उरलेल्या जागेत कोंबलेली. कोणाचा आवाज कसा आहे याचा पत्ता लागत नाही.

पण ज्यांचे चित्र काढले त्यांचे काय? आरिस्तीद ब्रुआँने १८९२ मध्ये आग्रह धरला की लोत्रेकचे पोस्टर लागले नाही तर आपण गाणार नाही. गिल्बेरचे उलटे झाले. १८९४ मध्ये लोत्रेकने तिच्यासाठी केलेला पोस्टरचा आराखडा तिने नाकारला. काम स्तेनलेनकडे गेले. आपल्याला इतके कुरूप काढू नये अशी तिची तक्रार होती. कलाप्रेमी मंडळी या तक्रारीला हसतात. आम्हाला हसू येत नाही. बाजारात जिचा चेहराच रोजी आहे तिने चेहऱ्याची काळजी करावी, यात गैर काय? त्याच साली निघालेल्या सोळा चित्रांच्या 'इव्हेत गिल्बेर' संग्रहात तिची हनुवटी आणि ओठ यांवर लोत्रेक वाजवीपेक्षा जास्त रेंगाळतो असे आम्हाला वाटते. काही पानांवर रेषा गाणे विसरून चेहऱ्याची फिरकी घेते. मस्तक कापलेल्या पोस्टरमध्ये मात्र अन्याय नाही. तिथे गिल्बेर पूर्णपणे तिची आहे. तरीही तिने त्या संग्रहाच्या शंभरही प्रतींवर स्वाक्षरी केली, हे तिचे मोठेपण.

लोत्रेक कमी पडतो तो कानाबाहेर गेल्यावर. १८९५ मध्ये ला गूल्यूच्या जत्रेतल्या तंबूसाठी त्याने दोन मोठे पडदे रंगवले. एकात ती 'मूरी' नाच करते. १८८९ च्या प्रदर्शनातल्या नकली कैरो रस्त्यापासून पॅरिसला या पोशाखाची चटक लागली होती. पडद्यावरच्या त्या नाचात मगरिबचे काहीच नाही. मात्र समोर पाठमोऱ्या बसलेल्या प्रेक्षकांत ऑस्कर वाइल्डची भली मोठी पाठ आहे, आणि ती जिवंत आहे. कारण ती लोत्रेकने खरोखर पाहिलेली होती.

त्याच वर्षी एका प्रायोगिक पॅरिसी रंगभूमीवर शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'चे फ्रेंच रूपांतर झाले. देवलांनी मराठीत संगीत नाटक केले तेच हे नाटक. कार्यक्रमपत्रिका लोत्रेकची. तिच्यावर हत्ती आहे. नाटकात पिसाळलेल्या हत्तीचा प्रसंग येतो हे खरे. पण वसंतसेना नाही, चारुदत्त नाही, शर्विलकही नाही. पॅरिसच्या कोणत्याही खुर्चीत बसून त्याला उज्जयिनी ऐकू येणार नव्हती.