स्थळांची यादी आणि प्रदेशाचे दर्शन : कोल्हापूर गॅझेटियरचे एक परीक्षण

कोल्हापूरच्या प्रादेशिक भूगोलाचा अभ्यास करणाऱ्यास १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या चोविसाव्या खंडापासूनच प्रारंभ करावा लागतो. त्यातील माहितीची विपुलता आणि नोंदींचा काटेकोरपणा वादातीत आहे. तथापि माहितीची विपुलता म्हणजे प्रदेशाचे आकलन नव्हे, आणि या खंडाची मर्यादा नेमकी येथेच आहे.

खंडाच्या आरंभीच्या प्रकरणात डोंगर व नद्या यांचे वर्णन येते. गावे व शहरे मात्र अखेरच्या प्रकरणात इंग्रजी वर्णानुक्रमाने येतात. महसुली अधिकाऱ्यास ही रचना सोयीची होती, यात संशय नाही. परंतु तिच्यामुळे डोंगर एकीकडे आणि वस्ती दुसरीकडे अशी फारकत झाली. वस्तुतः या प्रदेशाचे स्वरूप पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणाऱ्या उतारावर ठरते. घाटमाथ्यावरील गगनबावड्यास वर्षाकाठी सुमारे ५,००० मिलिमीटर पाऊस पडतो. शिरोळच्या सपाटीवर त्याच्या एक-दशांशाच्या आसपासच. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या घाटाकडचे पाणी घेऊन पंचगंगेस मिळतात आणि पंचगंगा नरसोबावाडीस कृष्णेत विलीन होते. या एका सूत्रात गुंफलेली स्थळे वर्णानुक्रमात परस्परांना अनोळखी होऊन बसतात.

याच सुमारास सर्बियामध्ये एक निराळी पद्धती आकार घेत होती. योव्हान त्स्वीयिच (१८६५–१९२७) या भूगोलज्ञाने १८९६ साली खेड्यांच्या अभ्यासासाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आणि १९०२ पासून वसाहतींच्या अभ्यासाची ग्रंथमालाच सुरू केली. गाव कोठे आहे, एवढ्यावर तो थांबत नाही. घरे विखुरलेली की दाटीने वसलेली, कुटुंबे कोठून आली, पाणी व कुरणे कोठे आहेत, असे प्रश्न तो विचारतो. दिनारिक पर्वतांतून शुमादियाच्या टेकड्यांकडे झालेली स्थलांतरे त्यामुळेच वसाहतींच्या रचनेशी जोडून पाहता आली.

हेच प्रश्न कोल्हापुरास लावल्यास काय दिसेल? शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड या तालुक्यांच्या डोंगराळ भागात एकच गाव अनेक वाड्यांत विखुरलेले असते आणि धनगरवाडे तर मूळ गावापासून दूर, कुरणांच्या आधाराने वसलेले असतात. शिरोळ-हातकणंगल्याकडे दाट गावठाण व त्याभोवती शेते असा आकृतिबंध आढळतो. गॅझेटियरची नोंद पहिल्या प्रकारच्या वस्तीस जवळजवळ मुकीच आहे, कारण बाजार, देऊळ, किल्ला वा कचेरी यांवाचून स्थळास स्वतंत्र नोंदीचा मान क्वचितच मिळतो. जे नोंदीत नाही ते पुढे योजनेतही सहजी येत नाही. धनगरवाड्यांच्या रस्त्यांचा आणि शाळांचा प्रश्न याची साक्ष देतो.

अर्थात त्स्वीयिचचे अनुकरण सरसकट करणे धोक्याचे आहे. भूमीवरून लोकांचे स्वभावप्रकार ठरविण्याचा त्याचा प्रयत्न शास्त्रीय कसोटीस उतरत नाही, आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या सीमावादात त्याच्या विद्वत्तेचा राजकीय उपयोगही झाला. घ्यावयाची ती त्याची क्षेत्राभ्यासाची शिस्त. त्याचे निष्कर्ष नव्हेत.

१९६० साली निघालेल्या नव्या जिल्हा गॅझेटियरने आकडेवारी अद्ययावत केली. स्थळवर्णनाची चौकट मात्र जुनीच ठेवली. या चौकटीचे अपुरेपण २०१९ च्या ऑगस्टमध्ये प्रकर्षाने जाणवले. घाटाकडील अतिवृष्टी, धरणांतून सोडलेले पाणी आणि कृष्णेच्या पुराने पंचगंगेस आलेला फुगवटा यांमुळे शिरोळ तालुक्यातील गावे पाण्याने वेढली गेली. तेथील पुराचे कारण शिरोळच्या नोंदीत शोधून सापडणार नाही. म्हणून पुढील प्रादेशिक अभ्यासाचे एकक तालुका किंवा सुटे स्थळ न राहता नदीखोरे असावे आणि त्याच्या माथ्यावरील वाडीपासून संगमावरील गावापर्यंतची वस्ती एकाच आराखड्यात मांडली जावी. तसे झाल्यास जुन्या गॅझेटियरची संपत्ती वाया न जाता प्रथमच तिचा खरा उपयोग होईल.