‘केबल बदलून बघा’ या सल्ल्यात काय कमी आहे?

सर्व्हरचं वायरचं कनेक्शन अधूनमधून तुटत असेल तर काय करावं, असं शोधलंत की एक ठरावीक यादी मिळते. रीस्टार्ट करा. केबल बदला. स्विचचा दुसरा पोर्ट वापरून बघा. नेटवर्क कार्डचा ड्रायव्हर अपडेट करा. वीज वाचवणारं सेटिंग बंद करा. यातला एकही सल्ला खोटा नाही. प्रत्येक उपायाने कुणाचा ना कुणाचा सर्व्हर सुरळीत झालेला असतो. तरीही तुम्ही संशोधनाकडे वळणार असाल, तर या यादीवर टीका करायला शिकणं गरजेचं आहे. मी ती वेळेवर केली नाही, आणि त्यापायी माझा एक आलेख चुकला.

आमच्या लॅबमध्ये एक छोटा सर्व्हर आहे. इमारतीत ठिकठिकाणी लावलेल्या सेन्सरची तापमानाची रीडिंग्ज दर मिनिटाला नेटवर्कवरून त्याच्याकडे येतात. साधारण तीन दिवसांतून एकदा कनेक्शन तुटायचं. काही सेकंदांत परत यायचंही, पण रीडिंग्ज घेणारा प्रोग्रॅम एकदा अडकला की रात्री बाराच्या ठरलेल्या रीस्टार्टपर्यंत अडकूनच राहायचा. एका शुक्रवारी संध्याकाळी मी यादीतले पाचही उपाय एका दमात केले. शनिवार-रविवार शांततेत गेले. सोमवारी गाईडना सांगितलं, “सर, प्रॉब्लेम सुटला.” मंगळवारी दुपारी कनेक्शन पुन्हा गेलं.

यादीतला पहिला दोष इथेच दिसतो. तिच्यात उपाय असतात, प्रश्न नसतात. पाच देवांना एकदम नवस बोलला, तर पावला कोण हे कळत नाही. आणि कुणीच पावला नाही, तर चुकलं काय हेही कळत नाही. चांगली चाचणी म्हणजे जिचं उत्तर ‘हो’ आलं तर एक वाट, ‘नाही’ आलं तर दुसरी. उदाहरणार्थ: कनेक्शन तुटतं तेव्हा वायरवरची लिंकच जाते, की लिंक असते आणि फक्त आयपी पत्ता जातो? लिनक्सच्या कर्नल लॉगमध्ये त्या वेळेला ‘लिंक डाऊन’ची नोंद असेल, तर केबल, सॉकेट, पोर्ट, कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर या बाजूला शोधायचं. लिंक जागेवर असेल, तर डीएचसीपी किंवा दोन यंत्रांना मिळालेला एकच पत्ता, असं वरच्या थरात बघायचं. काहीही न बदलता, फक्त लॉग वाचून अर्धं क्षेत्र बाद होतं.

दुसरा दोष क्रमाचा. यादी सोप्याकडून अवघडाकडे जाते, संभाव्य कारणाकडून पुराव्याकडे नाही. माझ्या लॉगमध्ये आधीपासूनच एक खूण होती. तुटून परत आलेली लिंक कधी 1000, तर कधी 100 मेगाबिटवर येत होती. तांब्याच्या केबलवरच्या नेहमीच्या गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात. 100 मेगाबिटला दोनच पुरतात. म्हणजे एखाद्या जोडीचा संपर्क सैल असला, तर लिंक बंद न पडता खालच्या वेगावर येऊ शकते. ईथटूलने कार्डाचे आकडे काढले, तेव्हा सीआरसी चुकांचा आकडाही वाढत होता. ईथरनेटच्या प्रत्येक फ्रेमच्या शेवटी 32 बिटांची तपासणी-संख्या असते. ती जुळली नाही की फ्रेम टाकून दिली जाते. टीसीपी तोच मजकूर पुन्हा पाठवतो, त्यामुळे आपल्याला चूक दिसत नाही, फक्त सगळं जरा संथ वाटतं. हे सगळं वायरकडे बोट दाखवत होतं आणि मी ड्रायव्हर अपडेट करत बसलो होतो. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी!

“पण केबल तर बदलली होती ना?” असं तुम्ही विचाराल. बदलली होती, पण सर्व्हरपासून भिंतीतल्या सॉकेटपर्यंतचीच. सॉकेट आणि त्यामागून स्विचपर्यंत जाणारी वायर तशीच होती. ‘केबल’ या एका शब्दाखाली यादीने तीन वेगळ्या वस्तू झाकल्या होत्या.

तिसरा दोष सर्वांत मोठा: सुटलं हे कधी म्हणायचं, ते यादी सांगत नाही. हिशोब सोपा आहे. बिघाड सरासरी तीन दिवसांतून एकदा आणि कधीही होतो असं धरलं, तर काहीही दुरुस्त न करता दोन दिवस शांत जाण्याची शक्यता सुमारे 51 टक्के येते. म्हणजे जवळजवळ नाणेफेक. ही शक्यता 5 टक्क्यांवर आणायची, तर सरासरी अंतराच्या तिप्पट, म्हणजे नऊ दिवस थांबावं लागतं. आणि ‘कधीही होतो’ हे गृहीतकसुद्धा तपासावं लागतं. मी तुटण्याच्या वेळा वहीत ओळीने लिहिल्या, तेव्हा दिसलं की सगळ्या कामाच्या दिवसांतल्या, दुपारी बाराच्या आगेमागे आहेत. माझे ते दोन शांत दिवस शनिवार-रविवार होते. त्यांना पुरावा म्हणून काहीच किंमत नव्हती.

मग एकच बदल केला. भिंतीतलं सॉकेट वगळून एक लांब केबल जमिनीवरून थेट स्विचच्या त्याच पोर्टला नेली. कामाचे दहा दिवस थांबलो. लिंक 1000 वर राहिली, सीआरसी चुका शून्य. इथे थांबायचा मोह होतो. पण कावळा बसायला आणि फांदी तुटायलाही एकच गाठ पडू शकते. म्हणून पुन्हा जुन्या सॉकेटवर आलो. दुसऱ्याच दिवशी चुका वाढायला लागल्या. कारण सापडलं असं मी तेव्हा म्हटलं. सॉकेटसमोर एक खुर्ची असते. जेवणाच्या सुमारास कुणी तिथे डबा घेऊन बसलं की पाठ केबलला टेकायची आणि आतला सैल संपर्क हलायचा.

आता तो आलेख. तुटण्याच्या दिवशी दुपारपासून मध्यरात्रीपर्यंतची रीडिंग्ज गायब असत. मी ती रिकामी जागा त्याच दिवसाच्या उरलेल्या रीडिंग्जच्या सरासरीने भरली होती. उरलेली म्हणजे मध्यरात्र ते दुपार, त्यातली बरीचशी रात्रीची. म्हणून त्या दिवसांचं सरासरी तापमान खऱ्यापेक्षा कमी दिसत होतं. तुटणं यादृच्छिक आहे असं मी न तपासता धरलं होतं. नुसतं ‘नेटवर्क चालू झालं’ एवढ्यावर थांबलो असतो, तर तो आलेख तसाच प्रबंधात गेला असता.

सैल जोडणी फक्त बंदच पडते असं नाही, ती आकडेही बदलते. 2011 च्या सप्टेंबरमध्ये ‘ऑपेरा’ प्रयोगाने जाहीर केलं की जिनिव्हाजवळच्या सर्नमधून सुमारे 730 किलोमीटरवरच्या इटलीतल्या ग्रान सासो प्रयोगशाळेत न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा सुमारे 60 नॅनोसेकंद आधी पोहोचतात. 2012 च्या सुरुवातीला कळलं की जीपीएसची वेळ आणणाऱ्या ऑप्टिकल फायबरचा कनेक्टर नीट बसलेला नव्हता. शिवाय घड्याळातली दुसरी एक चूक उलट दिशेने काम करत होती. दोन चुका विरुद्ध दिशांना ओढत असताना सगळं एकदम बदलून टाकलं असतं, तर कुणाचा वाटा किती हे कधीच कळलं नसतं.

यादीची बाजूही मांडतो. घरचं नेट गेलं असेल आणि अर्ध्या तासात मीटिंग असेल, तर पाचही उपाय खुशाल करा. तिथे कारणाशी देणंघेणं नसतं. पण ज्या सर्व्हरवर तुमचा डेटा येतो, तिथे बिघाड हाही डेटाच असतो. वहीत चार रकाने आखा: कधी तुटलं, तेव्हा लॉग काय सांगत होता, कोणती एकच गोष्ट बदलली, आणि किती दिवस थांबणार. चौथा रकाना बदल करण्याआधी भरा. नंतर भरायला गेलात, तर तिथे हमखास ‘दोन दिवस’ लिहिलं जातं. मी तेच लिहिलं होतं.