मूळ चित्र आणि आपले बालपण

वर्तमानपत्रांतील चित्रपट्ट्यांची मूळ चित्रे जमवण्याचा छंद अमेरिकेत चांगला रुजला आहे. लहानपणी ज्या पट्टीसाठी पेपरची वाट पाहिली, ती चित्रकाराच्या हातची आपल्या भिंतीवर असावी, ही त्यामागची ओढ. केवळ स्मरणरंजन म्हणून तिला हिणवण्याचे कारण नाही. मात्र मूळ चित्र मिळाले की बालपणीची ती गोष्टच मुळासकट मिळाली, हे त्यामागचे गृहीतक तपासून पाहिले पाहिजे.

मूळ चित्र म्हणजे जाड बोर्डावर, छापील पट्टीहून बरेच मोठे काढलेले काम. छपाईच्या कॅमेऱ्यात न उमटणाऱ्या फिकट निळ्या पेन्सिलीच्या रेघा, त्यांवरची काळी शाई, चूक झाकणारा पांढरा रंग, वरून चिकटवलेले कागदाचे तुकडे हे सारे त्यावर दिसते. पट्टी छापून झाली की या चित्राचे काम संपे. कित्येक चित्रे वाचकांना भेट गेली, कित्येक नष्ट झाली. चार्ल्स शुल्झ यांनी २ ऑक्टोबर १९५० ते १३ फेब्रुवारी २००० या काळात ‘पीनट्स’च्या जवळजवळ १८ हजार पट्ट्या मदतनीसाविना काढल्या. ते कष्ट छापील चौकटीत लपतात आणि मूळ चित्रात उघड होतात. समीक्षकाला त्याचे मोल आहेच. बाजारालाही ते कळले आहे. बिल वॉटरसन यांचे ‘कॅल्विन अँड हॉब्ज’चे हाताने रंगवलेले एक रविवारचे चित्र २०१२ साली २ लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेले.

पण आपल्या बालपणाचे काय? आपल्या वेताळाचेच उदाहरण घेऊ. ली फॉक यांचा ‘फँटम’ १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकन वर्तमानपत्रांत अवतरला. रे मूर, विल्सन मॅकॉय आणि साय बॅरी यांनी तो पुढे रेखाटला. मार्च १९६४ मध्ये सुरू होऊन १९९० साली बंद पडलेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’ने तो आपल्याकडे आणला, पण जसाच्या तसा नव्हे. पट्ट्यांच्या चौकटी कापून पानावर नव्याने मांडल्या गेल्या. काळ्यापांढऱ्या दैनिक पट्ट्यांत रंग भरले गेले. बंगालशी नामसाम्य नको म्हणून ‘बेंगाला’चे ‘डेंकाली’ झाले. गोविंद ब्राह्मणिया यांची मुखपृष्ठे चढली. आणि फुग्यांतले इंग्रजी जाऊन तेथे मराठी आली.

साय बॅरी यांचा बोर्ड उद्या आपल्या घरी आला, तर त्यातली रेषा थोर असेल, पण तो वेताळ आपल्याशी बोललेला नसेल. आपण ऐकलेला आवाज अनुवादकाचा होता. त्याचे नाव आपल्यापैकी किती जणांना आठवते? घरात एक आणि बाजारात दुसरी भाषा बोलणाऱ्या आम्हा सीमाभागातल्या माणसांना, भाषांतर म्हणजे केवळ नक्कल नव्हे, हे वेगळे सांगायला नको. आपल्या वाट्याला आलेल्या वेताळाचे ‘मूळ’ दोघांच्या हातचे आहे, आणि लिलावात त्यातल्या एकाचीच सही विकली जाते.

म्हणून मला या क्षेत्रातला आदर्श वाटतो तो बिल ब्लॅकबिअर्ड. सान फ्रान्सिस्कोचा हा गृहस्थ चित्रांच्या बोर्डांमागे न धावता छापील पेपरांमागे धावला. मायक्रोफिल्म झाल्यावर ग्रंथालये टाकून देत असलेले गठ्ठे त्याने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून उचलले. तो संग्रह पुढे ओहायो राज्य विद्यापीठात सहा अजस्र मालमोटारींतून गेला. वाचकाच्या हाती प्रत्यक्ष काय पडले, याचा पुरावा त्यामुळे टिकला.

‘चिंटू’ची गोष्ट वेगळी. १९९१ साली ‘सकाळ’मध्ये सुरू झालेल्या चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांच्या या पट्टीत चित्र आणि मराठी एकत्रच जन्मली. तिचे मूळ चित्र जपणारा खरोखरच मराठी बालपण जपतो. इतरांनी मात्र परदेशी लिलावाकडे डोळे लावण्याआधी आपल्या माळ्याकडे पाहावे. दिवाळीच्या साफसफाईत इंद्रजालचा फाटका मराठी अंक निघाला, तर तो रद्दीच्या तराजूत जाऊ देऊ नये. त्याला लिलावात फारशी किंमत येणार नाही. पण वेताळ आपल्याशी मराठीत बोलला होता, याचा पुरावा दुसऱ्या कोणत्याही बोर्डावर सापडायचा नाही.