11 विजय, पण तक्त्यात 10: सांगोला मतदारसंघ कसा वाचायचा?

मतदारसंघाचा निवडणूक इतिहास हा विषय सोपा वाटतो. आयोगाच्या अहवालांतून आकडे उचलायचे, विजेत्यांचा तक्ता करायचा, शेवटी ‘बालेकिल्ला’ हा शब्द टाकायचा, झालं प्रकरण! माझ्या प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यात मी हेच केलं होतं. आज त्याच मसुद्यावर टीका करतेय, म्हणजे तुमचा तरी वेळ वाचेल.

मतदारसंघ होता सोलापूर जिल्ह्यातला सांगोला. दुष्काळी तालुका, माण नदीचं खोरं, डाळिंबाच्या बागा. शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख इथून 11 वेळा आमदार झाले. मी सार्वत्रिक निवडणुकांतले त्यांचे विजय मांडले: 1962, 1967, 1978, 1980, 1985, 1990, 1999, 2004, 2009, 2014. मोजले तर 10! टायपिंगची चूक असेल म्हणून किती तरी वेळ शोधत बसले. अकरावा विजय होता 1974 च्या पोटनिवडणुकीतला. 1972 ला ते हरले होते आणि दोन वर्षांत परत आले. फक्त सार्वत्रिक निवडणुकांचे अहवाल उघडले, तर ही घटना दिसतच नाही. पहिला धडा: पोटनिवडणुकांची यादी वेगळी तपासा.

आता ‘बालेकिल्ला’ या शब्दाकडे वळू. 1995 ला गणपतराव हरले, अवघ्या 192 मतांनी. 2019 ला वयामुळे ते उभे राहिले नाहीत. त्यांचे नातू अनिकेत देशमुख 768 मतांनी हरले. दोन्ही वेळा जिंकणारा माणूस एकच, शहाजीबापू पाटील. पण 1995 ला ते काँग्रेसचे उमेदवार होते आणि 2019 ला शिवसेनेचे. माझ्या तक्त्यात ‘पक्ष’ हा रकाना होता, त्यामुळे एकदा काँग्रेसचा विजय दिसला आणि एकदा शिवसेनेचा. शेकापच्या विरोधात अनेक वर्षं टिकून राहिलेला एक स्थानिक गट आहे, ही गोष्ट त्या रकान्याने झाकून टाकली. म्हणून उमेदवाराचा रकाना पक्षाइतकाच महत्त्वाचा, आणि हरलेल्यांची नावंही लिहायचीच.

मग ‘बालेकिल्ला’ हे खोटंच का? तसंही नाही. फरक कमी म्हणजे पाया कच्चा, हा उलट्या टोकाचा उतावळेपणा झाला. 2019 ला गणपतराव स्वतः रिंगणात नसताना शेकापला 98 हजारांहून जास्त मतं पडली. विजय आणि पाया या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या पद्धतीत एका मताने पुढे असणारा सगळं घेऊन जातो, त्यामुळे नुसती विजेत्यांची यादी पायाबद्दल फार थोडं सांगते.

2024 बघा. शेकापचे बाबासाहेब देशमुख, तेही गणपतरावांचे नातू, सुमारे 25 हजारांच्या फरकाने जिंकले. ‘बालेकिल्ला परत मिळवला’ असं लिहायचा मोह होतो. पण लढत तिरंगी होती. शहाजीबापू आणि शिवसेना (उबाठा)चे दीपक साळुंखे यांची मतं एकत्र केली, तर ती विजेत्यापेक्षा जास्त भरतात. अर्थात ही बेरीज पुरावा नव्हे. साळुंखे उभे नसते तर त्यांची मतं कुठे गेली असती, हे एकूण आकड्यांवरून कळत नाही.

इथेच सगळ्यात मोठा खड्डा आहे. ‘अमुक समाजाने एकगठ्ठा मतदान केलं’ हे वाक्य माझ्याही मसुद्यात होतं. मतदारसंघाच्या बेरजेवरून एखाद्या समाजाचं मत सांगता येत नाही. फॉर्म 20 मध्ये केंद्रनिहाय मतं मिळतात, त्याने अंदाज जरा घट्ट होतो, पण तोही केंद्राबद्दलच असतो, माणसाबद्दल नाही. माणसाबद्दल बोलायचं तर गावात जाऊन बसावं लागतं. पाणी, सूतगिरणी, सोसायटी, कोण कोणाच्या लग्नाला जातं, हे सगळं ऐकावं लागतं.

आणि एक. 2008 च्या पुनर्रचनेपासून या मतदारसंघात पंढरपूर तालुक्याचाही काही भाग आहे. म्हणजे 2004 चं सांगोला आणि 2009 चं सांगोला हे नावाने एक असले, तरी नकाशावर एक नाहीत. टक्केवारीची सरळ रेघ ओढण्याआधी हे तळटीपेत नाही, मुख्य मजकुरात सांगा.

मसुदा परत लिहिताना मी ‘बालेकिल्ला’ शब्द काढला नाही. त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह टाकलं आणि प्रकरणाची सुरुवात तिथून केली. तुम्हीही तुमच्या तालुक्याचा तक्ता करून बघा: वर्ष, पोटनिवडणूक, पहिले तीन उमेदवार, त्यांचे पक्ष, फरक, हद्द. सहा रकाने भरताना जिथे अडाल, तिथेच तुमचा संशोधन प्रश्न सापडण्याची शक्यता जास्त.