बनगरवाडी : कादंबरीच्या घटकांच्या दृष्टीने

व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१) यांची प्रसिद्ध मराठी कादंबरी (१९५५). व्यक्तिरेखा, संघर्ष, स्थलकाल व आशयसूत्र हे कादंबरीचे प्रमुख घटक मानले जातात. अभ्यासाच्या सोयीसाठी ते वेगळे काढता आले, तरी कलाकृतीत ते परस्परांवाचून उभे राहत नाहीत, हे बनगरवाडीवरून स्पष्ट होते.

स्थलकाल : कादंबरी माणदेशात घडते. सातारा जिल्ह्यातील माण, सांगली जिल्ह्यातील आटपाडी आणि सोलापूर जिल्ह्यातील सांगोले या परिसरातील हा अवर्षणप्रवण प्रदेश. काळ औंध संस्थानाच्या राजवटीचा. येथील माळरान ही केवळ पार्श्वभूमी नव्हे. मेंढ्या, पाऊस आणि चारा यांवरच वाडीचे दिवस ठरतात. माणसांचे बोलणे, अबोला आणि सोशिकपणाही त्याच भूमीतून आलेला आहे.

व्यक्तिरेखा : राजाराम विठ्ठल सौंदणीकर हा तरुण शिक्षक धनगरांच्या या लहानशा वाडीवर येतो व तोच कथा सांगतो. तथापि तो रूढ अर्थाने नायक नाही. कारभारी, आनंदा रामोशी, आयबू, शेकू, दादू बालट्या इ. व्यक्ती त्याच्या दृष्टीसमोरून जातात आणि त्यांच्या एकत्र येण्यातून वाडी हीच मध्यवर्ती व्यक्तिरेखा बनते. बैलाच्या जोडीने जू ओढणारी शेकूची बायको अगदी थोड्या शब्दांत आली असली, तरी तिच्या कृतीतून एका कुटुंबाचे दारिद्र्य व स्वाभिमान दोन्ही कळतात.

संघर्ष : मास्तर आणि कारभाऱ्याची मुलगी अंजी यांच्याविषयीच्या संशयाने कारभारी दुरावतो, तालमीच्या कामाला दादूचा विरोध होतो. हे संघर्ष खरे असले, तरी ते माणसामाणसांतील आहेत व माणसांच्याच आवाक्यातील आहेत. श्रमदानाने तालीम उभी राहते, राजाच्या हस्ते तिचे उद्‌घाटनही होते. त्यानंतर दुष्काळ येतो. या प्रतिपक्षाशी बोलणी होऊ शकत नाहीत. मेंढरे मरतात, माणसे जगायला बाहेर पडतात, वाडी ओस पडते आणि अखेर मास्तरही निघतो.

आशयसूत्र : माणसे जे उभारतात त्याचे टिकणे त्यांच्या हाती नसते, तरीही त्या उभारण्याला मोल असते, असे या कादंबरीचे सूत्र सांगता येईल. लेखक ते कोठेही भाष्य करून सांगत नाही. तालमीपाठोपाठ दुष्काळ आणणाऱ्या घटनाक्रमातूनच ते प्रतीत होते. प्रसंगांची सैल गुंफण हा वरकरणी दोष वाटण्याचा संभव आहे. परंतु नायक एक व्यक्ती नसून वाडी असल्यामुळे, एकरेषीय कथानकापेक्षा हीच रचना येथे उचित ठरते.

कादंबरीला मर्यादाही आहेत. बाहेरून आलेल्या शिक्षकाच्या नजरेला दिसेल तेवढेच वाचकाला दिसते. त्यामुळे अंजीसारख्या स्त्रियांचे अंतरंग दूरच राहते आणि दुष्काळ मुख्यतः निसर्गाची आपत्ती म्हणून येतो. त्यामागील आर्थिक कारणांचा फारसा शोध घेतला जात नाही. मात्र याच नजरेमुळे निवेदन भाबडेपणापासून व करुणेच्या अतिरेकापासून मुक्त राहिले आहे. अमोल पालेकर यांनी या कादंबरीवर चित्रपट काढला (१९९५).