कापलेला वॅगनर

बेसबॉलपटू होनस वॅगनरचं टी२०६ मालिकेतलं कार्ड म्हणजे १९०९ च्या सुमारास सिगारेटच्या पाकिटात फुकट मिळणारा पुठ्ठा. नारिंगी पार्श्वभूमी, मधोमध भांग, गंभीर चेहरा. वॅगनरने परवानगी नाकारल्यामुळे छपाई थांबली असं मानतात. आज जेमतेम साठेक प्रती माहीत आहेत.

सर्वात गाजलेली प्रत हॉकीपटू वेन ग्रेट्झ्कीच्या नावाने ओळखली जाते. १९९१ मध्ये तिला दहापैकी आठ गुण मिळाले आणि ती प्लास्टिकच्या डबीत सीलबंद झाली. २००७ मध्ये किंमत झाली २८ लाख डॉलर. २०१३ मध्ये लिलाववाल्या बिल मॅस्ट्रोने कोर्टात कबूल केलं, की तिच्या कडा त्यानेच कापल्या होत्या. म्हणजे शंभर वर्षांच्या पुठ्ठ्याच्या ज्या कोऱ्या, धारदार कडांवर सगळे भाळले, त्या नंतरच्या होत्या. (आमच्याकडे असा बग सापडला तर रिलीज मागे घेतात, निदान घ्यायला हवं.)

मला तरी कोपरे झिजलेले, घडी पडलेले वॅगनरच खरे वाटतात. कुणीतरी ते हाताळलेत, खिशात बाळगलेत. बाजारालाही त्यांचं वावडं नाही: २०२२ मध्ये साडेबहात्तर लाख डॉलरला गेलेल्या वॅगनरला दहापैकी दोनच गुण होते.