गॉथिक कादंबरी : भय कोणाचे, भूत कोणाचे?

इंग्रजी साहित्याच्या इतिहासग्रंथांत गॉथिक कादंबरीला बहुधा एक छोटे प्रकरण मिळते. पडका किल्ला, भुयार, बंद दालन, वादळी रात्र, जुने हस्तलिखित, घराण्याला लागलेला शाप आणि संकटात सापडलेली कुलीन तरुणी अशी लक्षणांची यादी त्यात असते. विद्यार्थी ती पाठ करतात आणि परीक्षेत लिहून मोकळे होतात. गेली काही वर्षे मीही पदवीच्या वर्गाला हीच यादी शिकवतो आहे. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वाडा आणि वारसा ह्या गोष्टी आमच्याकडे कधी नव्हत्याच. त्यामुळे ही यादी शिकवताना एक प्रश्न मला टाळता येत नाही : ह्या कादंबऱ्यांत भितो कोण, आणि कशाला?

प्रारंभापासून पाहू. होरेस वॉल्पोलची ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ १७६४ साली प्रसिद्ध झाली. हा वॉल्पोल इंग्लंडच्या पहिल्या पंतप्रधानाचा मुलगा. पहिल्या आवृत्तीत त्याने स्वतःचे नाव लपवले आणि एका जुन्या इटालियन ग्रंथाचा हा अनुवाद आहे अशी बतावणी केली. पुस्तक गाजले, तेव्हा १७६५ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने कर्तेपण मान्य केले. ‘गॉथिक’ हे विशेषणही तेव्हाच जोडले. कथेत एक प्रचंड शिरस्त्राण कोसळते आणि त्याखाली गादीचा वारस चिरडला जातो. कारण त्याच्या पणजोबाने मूळ धन्याला विष घालून ती गादी बळकावलेली असते. अखेर थिओडोर नावाचा शेतकरी तरुण खरा वारस ठरतो. पण तो शेतकरी म्हणून नव्हे, तर जन्मखुणेवरून उच्च कुळातला निघाला म्हणून! म्हणजे अन्याय झाला तो एका सरदारावर दुसऱ्या सरदाराकडून. ज्यांनी त्या किल्ल्याचे दगड वाहिले त्यांना ह्या कथेत भूत होण्याचाही अधिकार नाही.

पुढे अ‍ॅन रॅडक्लिफने ‘द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो’मध्ये (१७९४) भुताखेतांची उकल बुद्धीने करून दाखवली. किल्ल्यात कोंडलेल्या स्त्रीचा खरा वैरी भूत नसून तिच्या मालमत्तेवर डोळा ठेवणारा पुरुष आहे, हे तिने ओळखले. हे तिचे श्रेय मोठे आहे. तरीही त्या मालमत्तेची घडण कशी झाली, हा प्रश्न तिला पडत नाही.

तो प्रश्न लेखकांच्याच चरित्रात सापडतो. ‘व्हाथेक’ (१७८६) लिहिणाऱ्या विल्यम बेकफर्डची अफाट संपत्ती जमैकातल्या उसाच्या मळ्यांवर गुलामांच्या घामातून उभी राहिलेली होती. त्या पैशातून त्याने फाँटहिल येथे गॉथिक धाटणीचा महाल बांधला. त्याचा उंच मनोरा १८२५ साली ढासळला. ‘द मंक’ (१७९६) लिहिणारा मॅथ्यू लुईस १८१२ साली जमैकातल्या मळ्यांचा व तिथल्या शेकडो गुलामांचा मालक झाला. मळ्यांच्या दुसऱ्या फेरीवरून परतताना १८१८ साली तो जहाजावरच वारला. साखळदंड आणि तळघर ह्यांची कल्पना करणाऱ्यांच्या मालकीत खरे साखळदंड होते. गॉथिकचे भय हे बव्हंशी मालकाचे भय आहे. बळकावलेले कोणीतरी परत मागायला येईल, ही त्याची धास्ती आहे.

शार्लट ब्राँटेच्या ‘जेन एअर’मध्ये (१८४७) माळ्यावर कोंडलेली बर्था जमैकाचीच. ती हसते, चावते, आग लावते. पण तिला एक वाक्यही बोलू दिलेले नाही. जीन ऱ्हिस ह्या डॉमिनिकात जन्मलेल्या लेखिकेने ‘वाइड सारगासो सी’मध्ये (१९६६) तिला वाचा दिली. तथापि बर्था ही मळेवाल्याची मुलगी होती, हे विसरून चालणार नाही.

माळ्यावरची दुसरी एक स्त्री मात्र कल्पनेतली नव्हती. नॉर्थ कॅरोलिनातील हॅरिएट जेकब्ज ही गुलाम स्त्री मालकाच्या वासनेपासून वाचण्यासाठी आजीच्या घराच्या माळ्यावर जवळजवळ सात वर्षे लपून राहिली. जागा नऊ फूट लांब, सात फूट रुंद, आणि सर्वांत उंच ठिकाणी तीन फूट. उभे राहणे अशक्य. खालून तिच्या मुलांचे आवाज येत, पण त्यांना हाक मारता येत नसे. पुढे उत्तरेत पळून गेल्यावर तिने आत्मकथन लिहिले आणि १८६१ साली टोपणनावाने प्रसिद्ध केले. बरीच वर्षे अभ्यासक ते कल्पित, किंवा गोऱ्या संपादिकेची रचना मानत राहिले. १९८० च्या दशकात जीन फॅगन येलिन ह्यांनी कागदपत्रांच्या आधारे ते जेकब्जचेच आणि खरे असल्याचे सिद्ध केले.

ह्या दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. वॉल्पोलच्या बनावट हस्तलिखितावर वाचकांनी विश्वास ठेवला. जेकब्जच्या खऱ्या अनुभवाला पुरावा मागितला. दलित आत्मकथनांना ‘हे खरेच घडले का?’ आणि ‘ह्याला साहित्य म्हणायचे का?’ हे दोन प्रश्न एकाच दमात विचारले जातात, तेव्हा ह्याच अविश्वासाची आठवण होते.

टोनी मॉरिसनच्या ‘बिलव्हेड’ने (१९८७) गॉथिकची सगळी सामग्री उचलली आणि तिचा मालक बदलला. पछाडलेले घर आहे, पण ते गुलामीतून सुटलेल्या स्त्रीचे. भूत आहे, पण ते तिच्या मुलीचे. ही मुलगी पुन्हा गुलामीत जाऊ नये म्हणून आईनेच तिला मारलेले असते. मार्गारेट गार्नर ह्या स्त्रीच्या बाबतीत १८५६ साली हे प्रत्यक्ष घडले होते. कादंबरीतील मुख्य घटनांचा आरंभ १८७३ सालचा. त्याच वर्षी जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली.

मॉरिसनच्या कादंबरीचा शेवट मला फार महत्त्वाचा वाटतो. ओट्रँटोचा शाप खरा वारस सापडल्यावर फिटतो. ‘बिलव्हेड’मधले भूत मात्र ज्या वस्तीने त्या घराकडे पाठ फिरवली होती, तिच्यातल्या तीस बायका एकत्र येऊन दारापुढे गाऊ लागतात तेव्हा निघून जाते. इथे गादी कोणाला मिळत नाही. समूह आपल्या माणसाला परत आपल्यात घेतो.

तेव्हा गॉथिक हे अभिजनांचे मनोरंजन म्हणून फेकून देण्याचे कारण नाही, आणि त्याची लक्षणे घोकत बसण्याचेही नाही. विद्यार्थ्यांनी प्रत्येक पछाडलेल्या वाड्यापुढे उभे राहून विचारावे : तो कोणाच्या श्रमाने बांधला, आणि त्याच्या पायात कोण गाडले गेले? भुताला वाचा मिळाली की ते भूत राहत नाही. ते साक्षीदार होते.